नोंदीवरची वेळ आणि नोंद दिसण्याची वेळ

या वेळी आलेल्या पत्रांतली पाच एकाच दुखण्याची आहेत, म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी ठेवून ही पाचच घेतली. पाचही जणांचं काम थोडक्यात असं: एका डेटाबेसमधून दुसरीकडे डेटा न्यायचा, पण दर वेळी अख्खं टेबल न उचलता मागच्या फेरीनंतर बदललेल्या नोंदीच उचलायच्या. कोणत्या बदलल्या, हे ‘अपडेटेड_ॲट’ सारख्या वेळेच्या कॉलमवरून ठरवायचं आणि कुठपर्यंत आलो ती वेळ जपून ठेवायची. या जपलेल्या वेळेला कुणी वॉटरमार्क म्हणतं, कुणी लास्ट व्हॅल्यू. मी खाली ‘खूण’ म्हणते.

प्रश्न : ताई, आमचा ऑर्डरचा डेटाबेस पोस्टग्रेसवर आहे. दर ५ मिनिटांनी जॉब चालतो, खुणेपेक्षा नवी ‘अपडेटेड_ॲट’ असलेल्या नोंदी उचलतो आणि रिपोर्टच्या डेटाबेसमध्ये टाकतो. जॉब संपला की त्या क्षणाची वेळ खूण म्हणून लिहून ठेवतो. तरी रोज चार-पाच ऑर्डरी तिकडे पोचत नाहीत. लॉगमध्ये एकही एरर नाही. फुल लोड केला, म्हणजे अख्खं टेबल पुन्हा उचललं, की सगळं जुळतं, दोन दिवसांत पुन्हा फरक पडतो. आमच्या वरिष्ठांना नेटवर्कचा संशय आहे.

उत्तर : नेटवर्क तुटलं असतं तर जॉबने आरडाओरडा केला असता. तुमच्या नोंदी मुळात उचलल्याच जात नाहीयेत, आणि त्याला दोन कारणं आहेत. पहिलं तुमच्या पत्रातच आहे.

खूण तुम्ही जॉब संपल्यावर घेता. समजा जॉब १०:०५:०० ला सुरू झाला आणि सगळं उरकून १०:०५:४० ला संपला. पोस्टग्रेसमध्ये क्वेरी सुरू होताना डेटाचं जे चित्र असतं तेच तिला शेवटपर्यंत दिसतं. मधे १०:०५:१० ला बदललेली ऑर्डर या फेरीत येत नाही, आणि पुढची फेरी विचारते ती १०:०५:४० च्या पुढचं. ती ऑर्डर गेली. शिवाय ही वेळ जॉबच्या मशीनच्या घड्याळाची आहे आणि नोंदींवरची वेळ डेटाबेसच्या. दोन मशीनची घड्याळं काही सेकंदांनी मागे-पुढे असणं अगदी नेहमीचं. तेव्हा घड्याळ विचारूच नका. उचललेल्या नोंदींमधली सर्वांत मोठी ‘अपडेटेड_ॲट’ हीच खूण धरा. एकही नोंद आली नाही तर खूण जिथे आहे तिथेच राहू द्या.

एवढं केल्यावर गळती कमी होईल, पण थांबणार नाही, कारण दुसरं कारण जास्त खोल आहे. ट्रान्झॅक्शन म्हणजे एकत्र पक्के होणारे बदल, आणि ते पक्के करणं म्हणजे कमिट; तोवर ते इतरांना दिसत नाहीत. पोस्टग्रेसचं ‘नाऊ’ फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं. ट्रान्झॅक्शन कितीही लांबलं तरी ती वेळ हलत नाही. आता समजा एक ट्रान्झॅक्शन १०:०४:५० ला उघडलं, त्यात ऑर्डरीवर १०:०४:५० अशी वेळ पडली आणि कमिट झालं १०:०५:२० ला. तुमचा जॉब १०:०५:०० ला आला तेव्हा ती ऑर्डर कमिट न झाल्यामुळे त्याला दिसलीच नाही. दुसऱ्या कुठल्या तरी ऑर्डरीवर १०:०४:५८ होतं, ती दिसली आणि खूण १०:०४:५८ वर गेली. पुढच्या फेरीत आपली ऑर्डर दिसायला लागलेली आहे, पण तिच्यावरची वेळ आता खुणेच्या मागे आहे. कुणी तिला पुन्हा हात लावेपर्यंत ती तुमच्या जॉबला सापडणार नाही.

मी स्वतः यात तीन आठवडे घालवले आहेत. आमच्याकडे हिशेब जुळवणारा एक प्रोसेस होता. तो ट्रान्झॅक्शन उघडायचा, नोंद अपडेट करायचा, मग बाहेरच्या एका सेवेच्या उत्तराची वाट बघायचा आणि उत्तर आल्यावर कमिट करायचा. मी जॉबचा कोड ओळ न् ओळ वाचून काढला, चूक सापडेना. शेवटी गळलेल्या नोंदींच्या आयडी वहीत उतरवल्या, प्रत्येकीसमोर तिची ‘अपडेटेड_ॲट’ लिहिली आणि शेजारी त्या दिवशीच्या फेऱ्यांच्या वेळा मांडल्या. एकूण एक नोंद कुठल्या ना कुठल्या फेरीच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात बसत होती. त्या दिवसापासून मी दोन वेळा वेगळ्या धरते: नोंद लिहिली ती वेळ आणि नोंद इतरांना दिसू लागली ती वेळ. कॉलममध्ये असते ती पहिली. आपल्याला लागते ती दुसरी, आणि ती त्या कॉलममध्ये कुठेच लिहिलेली नसते.

तुम्हीही आधी हाच तक्ता करा, तुमच्या वरिष्ठांना दाखवायलाही तो उपयोगी पडेल. मग डेटाबेसच्या दोन खिडक्या उघडा. एकीत ट्रान्झॅक्शन सुरू करून एक नोंद अपडेट करा आणि कमिट न करता थांबा. दुसऱ्या खिडकीत वेगळी नोंद अपडेट करून कमिट करा आणि जॉब चालवा. आता पहिल्या खिडकीत कमिट करा आणि जॉब पुन्हा चालवा. पहिली नोंद येणार नाही.

‘नाऊ’ ऐवजी ‘क्लॉक_टाइमस्टॅम्प’ वापरलं तर प्रत्यक्ष त्या क्षणाची वेळ पडते. त्याने फट अरुंद होते, बुजत नाही, कारण ती वेळही कमिटच्या आधीचीच असते.

इलाज म्हणजे खुणेपासून थोडं मागे जाऊन विचारायचं. खूण १०:०४:५८ असेल तर १० मिनिटं मागे जाऊन ९:५४:५८ पासूनच्या सगळ्या नोंदी पुन्हा उचलायच्या. किती मागे जायचं हे अंदाजाने ठरवू नका. उघडी कनेक्शनं दाखवणाऱ्या ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’ मध्ये ‘एक्स-ॲक्ट_स्टार्ट’ (xact_start) या कॉलमात प्रत्येक उघड्या ट्रान्झॅक्शनची सुरुवात दिसते. आठवडाभर दर मिनिटाला ती टिपून ठेवा. लिहिणाऱ्या ट्रान्झॅक्शनांपैकी सर्वांत लांबलेलं जितका वेळ चाललं, त्याच्या दुप्पट मागे जा.

मागे गेलात की त्याच नोंदी पुन्हा पुन्हा येणार. म्हणून तिकडे नुसतं इन्सर्ट चालणार नाही, प्रायमरी की (नोंदीची एकमेव ओळख, बहुधा आयडी) बघून असेल तर अपडेट आणि नसेल तर इन्सर्ट असं करावं लागेल. पोस्टग्रेसमध्ये ‘इन्सर्ट… ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट’ त्यासाठीच आहे. त्यात एक अट जरूर घाला: आलेल्या नोंदीची वेळ तिकडच्या नोंदीच्या वेळेपेक्षा जुनी असेल तर हात लावायचा नाही. दोन फेऱ्या एकमेकींवर चढल्या तर ही अट तुम्हाला वाचवते.

आणि खूण केव्हा लिहायची? तिकडचा डेटा कमिट झाल्यावर, त्याआधी कधीही नाही. मला सर्वांत बरं वाटतं ते हे की खूण तिकडच्याच डेटाबेसमध्ये एका छोट्या टेबलात ठेवावी आणि डेटा व खूण एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये कमिट करावी. मग जॉब मधेच मेला तर दोन्ही मागे जातात.

काहीजण मागे जाण्याऐवजी शेवटची काही मिनिटं उचलतच नाहीत, ती शिळी होऊ देतात. काफ्का कनेक्ट या डेटा वाहून नेणाऱ्या टूलच्या जेडीबीसी सोर्समध्ये, म्हणजे डेटाबेस वाचणाऱ्या भागात, ‘टाइमस्टॅम्प.डिले.इंटर्व्हल.एमएस’ ही सेटिंग आहे, ती हेच करते. त्यात नोंदींची पुनरावृत्ती टळते, पण तुमचा रिपोर्ट कायम तेवढा मागे राहतो. ऑर्डरींच्या कामात मी मागे जाण्याचा रस्ताच घेईन.

प्रश्न : ताई, मायएसक्यूएल वापरतो. अटीत ‘पेक्षा मोठी’ लिहिलं तर नोंदी सुटतात, ‘पेक्षा मोठी किंवा समान’ लिहिलं तर पुन्हा येतात. आम्ही एका वेळी १,००० नोंदी लिमिट लावून उचलतो. परवा एका स्क्रिप्टने सगळ्या ग्राहकांचा एक कॉलम एका फटक्यात अपडेट केला आणि तेव्हापासून जॉब त्याच १,००० नोंदी फिरून फिरून आणतोय.

उत्तर : मायएसक्यूएलच्या टाइमस्टॅम्प आणि डेटटाइम कॉलमात तुम्ही मुद्दाम सांगितलं नाही तर सेकंदाच्या खालचं काही साठत नाही. ५.६.४ या आवृत्तीपासून कंसात ६ लिहून मायक्रोसेकंदापर्यंत जाता येतं. ओरॅकलचा डेट प्रकारही सेकंदावरच थांबतो. एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम मिलिसेकंद दाखवतो खरा, पण शेवटचा आकडा ०, ३ किंवा ७ कडे वळवून. म्हणजे एकाच वेळेचा शिक्का असलेल्या अनेक नोंदी असणारच, हे धरूनच चालायचं.

तुमच्या स्क्रिप्टचं तर विचारूच नका. मायएसक्यूएलमध्ये एका स्टेटमेंटमधल्या सगळ्या नोंदींवर एकच वेळ पडते. लाखभर ग्राहक असतील तर लाखभर नोंदींवर एकच सेकंद. ‘मोठी किंवा समान’ म्हटल्यावर लिमिटमध्ये त्यातल्या पहिल्या हजार येतात, खूण त्याच सेकंदावर राहते आणि पुढच्या वेळीही त्याच हजार येतात. ‘मोठी’ म्हटलं असतं तर पहिल्या हजारांनंतरच्या सगळ्या कायमच्या सुटल्या असत्या. दोन्हींत तुमचा जॉब अडकला हे बरं झालं, कारण अडकलेला निदान दिसतो.

खूण एका आकड्याची ठेवू नका, जोडीची ठेवा: शेवटच्या नोंदीची वेळ आणि तिचीच आयडी. अट अशी: वेळ खुणेपेक्षा मोठी, किंवा वेळ तीच आणि आयडी खुणेतल्या आयडीपेक्षा मोठी. क्रम लावतानाही आधी वेळ, मग आयडी. आणि या दोन कॉलमांवर याच क्रमाने इंडेक्स हवा, नाहीतर दर फेरीला अख्खं टेबल वाचलं जाईल आणि ज्यासाठी हा खटाटोप केला तेच हातचं जाईल.

ही जोडी फक्त एका फेरीतले हजार-हजारांचे घास घेण्यासाठी आहे, हे विसरू नका. फेरी सुरू करताना वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे मागे जायचंच.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगते. खूण साठवताना तिचे शेवटचे आकडे छाटले जात नाहीत ना ते बघा. जावास्क्रिप्टचा डेट मिलिसेकंदापर्यंतच धरतो. डेटाबेसमध्ये .१२३४५६ असलेली वेळ त्यातून .१२३ होऊन बाहेर येते, आणि मग ‘पेक्षा मोठी’ लिहूनही शेवटची नोंद प्रत्येक फेरीत हजर होते. मी खूण डेटाबेसकडूनच मजकूर म्हणून घेते आणि तशीच परत देते, मधे कुठल्याही भाषेच्या तारखेत बदलत नाही.

प्रश्न : काही नोंदी बदललेल्या असतात पण त्यांची ‘अपडेटेड_ॲट’ जुनीच असते. डेव्हलपर म्हणतात, फ्रेमवर्क आपोआप करतं. मग होतं कसं?

उत्तर : फ्रेमवर्क करतं, पण प्रत्येक वाटेने करत नाही. जँगो या फ्रेमवर्कमधलं ‘ऑटो_नाऊ’ फक्त ‘सेव्ह’ मधून जाताना चालतं, क्वेरीसेटवर थेट ‘अपडेट’ केलं तर चालत नाही. रेल्स या फ्रेमवर्कमध्ये ‘अपडेट_कॉलम्स’ वापरलं की वेळ बदलत नाही. आणि कुणी डेटाबेसच्या खिडकीत हाताने अपडेट मारला तर फ्रेमवर्कला ते कळायचं काही कारणच नाही. म्हणून शिक्का मारण्याचं काम डेटाबेसकडे द्या. मायएसक्यूएलमध्ये कॉलमच्या व्याख्येत ‘ऑन अपडेट करंट_टाइमस्टॅम्प’ लिहिता येतं. पोस्टग्रेसमध्ये तशी सोय नाही, ट्रिगर (बदल होताच डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड) लिहावा लागतो, पण तो दोन-तीन ओळींचा असतो.

याखेरीज तीन ठिकाणी बघा. एक, ‘अपडेटेड_ॲट’ नल, म्हणजे रिकामी, असलेल्या नोंदी. नलची तुलना कशाशीही केली तरी उत्तर ‘हो’ येत नाही, त्यामुळे अशा नोंदी कुठल्याच फेरीत येत नाहीत. त्या भरून घ्या आणि कॉलम ‘नॉट नल’ करा. दोन, दुसऱ्या सिस्टिममधून आणलेल्या नोंदी. आणणाऱ्याने त्यांच्या जुन्या तारखा जपल्या असतील, तर त्या तुमच्या टेबलात आज आल्या तरी खुणेच्या कितीतरी मागे पडलेल्या असतात. अशा आयातीनंतर तेवढ्या नोंदींचा वेगळा लोड करावाच लागतो.

तिसरं मला सर्वांत जास्त वेळा भेटलं आहे. तिकडे पाठवायची नोंद दोन-तीन टेबलं जोडून बनते, उदाहरणार्थ ऑर्डर आणि तिच्यात ग्राहकाचं नाव. ग्राहकाने नाव बदललं की वेळ बदलते ती ग्राहकाच्या टेबलात, ऑर्डर जशीच्या तशी. तुम्ही ऑर्डरचीच वेळ बघत असाल तर जुनं नाव तिकडे कायम राहतं. तेव्हा प्रत्येक जोडलेल्या टेबलाची वेळ बघून त्यावरून कोणत्या ऑर्डरी पुन्हा बनवायच्या ते शोधावं लागतं. सोलर या सर्च इंजिनच्या डेटा इम्पोर्ट हँडलरमध्ये ‘पेरेंटडेल्टाक्वेरी’ नावाची वेगळी क्वेरी याच कामासाठी दिलेली होती.

प्रश्न : वर्षातून एकदा, घड्याळं एक तास मागे घेतात त्या रात्री, आमच्या इम्पोर्टमधून तासभराचा डेटा गायब होतो. नंतर आपोआप सुरळीत होतं.

उत्तर : तुमच्या कॉलमात स्थानिक वेळ साठते आहे. खूण १:५९ वर असताना घड्याळ १:०० वर आलं, तर पुढचा पूर्ण तास जे जे बदलेल त्यावर खुणेपेक्षा जुनी वेळ पडेल. तो तास सुटतो, आणि दोन वाजल्यावर सगळं पूर्ववत दिसतं. वेळ यूटीसीमध्येच, म्हणजे कधी मागे-पुढे न होणाऱ्या जागतिक वेळेत, साठवा. पोस्टग्रेसमध्ये ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ घ्या. मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प आत यूटीसी ठेवतो आणि देताना सेशनच्या टाइम झोनप्रमाणे बदलून देतो, म्हणून जॉबच्या कनेक्शनचा टाइम झोन पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहून टाका. मात्र या प्रकाराची मर्यादा १९ जानेवारी २०३८, यूटीसी ०३:१४:०७ इथे संपते. डेटटाइमला ती मर्यादा नाही, पण त्याला टाइम झोनही कळत नाही, त्यात यूटीसी घालायची शिस्त तुम्हालाच पाळावी लागेल.

तोवर, त्या रात्रीनंतर लगेच एकदा तीन तास मागे जाऊन लोड करा.

प्रश्न : ताई, आम्ही डेटा आणायला स्कूप हे टूल वापरतो, ‘लास्टमॉडिफाइड’ मोडमध्ये. स्रोतातून डिलीट केलेल्या नोंदी तिकडे तशाच राहतात. स्कूप आता बंद पडलंय असंही ऐकलं. टूल बदलल्यावर हा प्रश्न सुटेल का?

उत्तर : स्कूप २०२१ मध्ये अपाचेच्या ॲटिकमध्ये (संस्थेच्या बंद प्रकल्पांच्या माळ्यावर) गेलं, म्हणजे त्यावर आता काम होत नाही. तेव्हा टूल बदलावं लागेलच, पण डिलीटचा प्रश्न त्याने सुटणार नाही. जी नोंद टेबलात उरलीच नाही तिच्यावरची वेळ कोण वाचणार? वेळेच्या कॉलमवर चालणारं कोणतंही टूल इथे आंधळंच.

स्रोताचा ॲप्लिकेशन तुमच्या हातात असेल, तर खरं डिलीट न करता ‘डिलीटेड_ॲट’ भरा आणि तेव्हा ‘अपडेटेड_ॲट’ ही बदलू द्या. मग डिलीट हा नुसता एक बदल होतो आणि नेहमीच्या फेरीत येतो. ॲप्लिकेशनला हात लावता येत नसेल, तर डिलीटवर ट्रिगर लावून गेलेल्या नोंदीची की आणि वेळ वेगळ्या टेबलात लिहा, आणि ते टेबलही इतरांसारखंच उचला. मात्र स्रोत मायएसक्यूएल असेल तर सांभाळा: फॉरेन कीच्या कॅस्केडने, म्हणजे मूळ नोंद पुसल्यामुळे आपोआप, पुसलेल्या नोंदींवर तिथे ट्रिगर चालत नाही.

डेबेझियमसारखी टूलं डेटाबेस स्वतः प्रत्येक बदल लिहून ठेवतो तो लॉगच वाचतात, मायएसक्यूएलचा बिनलॉग किंवा पोस्टग्रेसचा वॉल. त्यांना डिलीट दिसतं. दोन फेऱ्यांच्या मधे एखादी नोंद तीनदा बदलली तर तिन्ही बदल दिसतात, आपल्याला फक्त शेवटचा दिसतो. आणि लॉगमध्ये कमिट झालेलंच, कमिटच्या क्रमाने येत असल्यामुळे पहिल्या पत्रातला घोळ तिथे उद्भवतच नाही. पण त्यासाठी स्रोताच्या डेटाबेसवर जास्तीचे अधिकार लागतात, आणि वाचणारा बंद पडला तर पोस्टग्रेसमध्ये लॉग साचत जाऊन डिस्क भरते. हे सांभाळायला माणूस असेल तरच त्या वाटेला जा. दिवसातून काही वेळा रिपोर्ट ताजे करण्यापुरतं काम असेल तर मी आजही वेळेचाच कॉलम वापरीन.

काहीही निवडलंत तरी आठवड्यातून एकदा दोन्हीकडच्या की पडताळा. सगळ्या नोंदी ओढायची गरज नाही. आयडीचे दहा-दहा हजारांचे गट पाडा आणि प्रत्येक गटातल्या नोंदींची संख्या व ‘अपडेटेड_ॲट’ ची बेरीज दोन्हीकडून काढा. ज्या गटात फरक दिसेल तेवढ्याच गटाच्या की आणून समोरासमोर ठेवा. तिकडे आहे आणि इकडे नाही ती डिलीट झालेली, इकडे आहे आणि तिकडे नाही ती गळलेली. गळलेल्यांची यादी फेकू नका, त्यांच्या वेळा फेऱ्यांच्या वेळांशेजारी मांडा. पहिल्याच पडताळणीत अशा किती निघाल्या आणि त्या कुठल्या वेळेच्या होत्या, हे मला कळवलंत तर पुढच्या अंकात त्यावर लिहीन.